अहो, गड्डा तरी धरू द्या!

घरच्या घरी लसूण लावणं सगळ्यात सोपं असं जे लोक सांगतात ना, त्यांच्या घरी बहुतेक कोणी जेवत नसावं. कारण लसणाला खरंच फार काही लागत नाही, एक पाकळी घ्या, टोक वर करून मातीत खोचा, बेताचं पाणी घाला आणि चार-साडेचार महिने गप्प बसा, झालं. यातलं अवघड काय आहे तर शेवटचं. गप्प बसणं लसणाला जमतं, मलाही जमतं, पण आमच्या घरातल्या बाकीच्यांना ते जन्मात जमणार नाही.

या भानगडीत मी पडलो ते लसणाच्या भावामुळे. २०२४ साली लसूण किलोला चारशे-पाचशेवर गेला होता, आठवतंय ना? आमच्या डोंबिवलीचा भाजीवाला, जो एरवी कढीपत्त्याच्या दोन काड्या पिशवीत टाकताना कर्णाचा अवतार असतो, तो लसणापाशी आलं की एकदम वकील व्हायचा. पाव किलो म्हटलं तर आधी मला वरपासून खालपर्यंत बघायचा, मग विचारायचा, "पाव? नक्की?" घरी बायकोने पाकळ्या मोजून द्यायला सुरुवात केली, आमटीला तीन, भाजीला दोन, आणि पाहुणे येणार असले की अख्खी गड्डी ओट्यावर दिसेल अशी ठेवायची, वापरायची नाही, नुसती दिसायला ठेवायची. असंच एकदा जेवताना मी जाहीर करून टाकलं की या वर्षी आपण गॅलरीत लसूण लावणार.

आता इथे आमच्या घराची रचना सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आई जुन्नर तालुक्यातली, ओतूरची. म्हणजे कांदा, लसूण, वाफे, सऱ्या हे सगळं तिने परकर-पोलक्यात असताना केलेलं. बायको अलिबागची, तिथल्या पांढऱ्या कांद्याला जीआय मानांकन मिळाल्यापासून ती माहेरचा उल्लेख जरा मान ताठ करूनच करते. मी डोंबिवलीचा. आमच्याकडे पिकतं ते फक्त ट्रॅफिक. त्यामुळे माझी घोषणा झाल्यावर दोघींनी एकमेकींकडे बघितलं, आणि गेल्या कित्येक वर्षांत पहिल्यांदाच दोघींचं एकमत झालं.

"कुंडीत कुठे लसूण लावतात? वाफ्यात लावतात," आई म्हणाली.

"चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला," बायको म्हणाली.

मी दोघींकडेही लक्ष दिलं नाही. मोठी कामं करणाऱ्या माणसाला घरात आधी हे ऐकावंच लागतं.

पहिला प्रश्न बियाण्याचा. लसणाला बी धरत नाही, पाकळी हेच बियाणं, आई त्याला बेणं म्हणते. मी बाजारातून चांगला पांढराशुभ्र, टपोऱ्या पाकळ्यांचा लसूण आणला तर आईने तो लांबूनच बघून "हा चायनाचा" असा निकाल दिला. चिनी लसणाला आपल्याकडे २०१४ पासून बंदी आहे, हे मी तिला सांगितलं तर म्हणाली, "बंदी गुटख्यालाही आहे." यावर काय बोलणार? तो चायनाचा नसून डोंगरी भागातला असावा असा माझा अंदाज, पण डोंगरी लसूण लावायचा तरी पंचाईतच, कारण त्याला भरपूर थंडी आणि लांब दिवस लागतात, आपल्याकडे तो नुसता पातीवर जातो, खाली गड्डा धरत नाही. आपल्या हवेत चालणाऱ्या जाती वेगळ्या आहेत, राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या गोदावरी, श्वेता, फुले बसवंत, आणि राजगुरुनगरला कांदा-लसणाचं जे केंद्र सरकारचं संशोधन संचालनालय आहे त्यांच्या भीमा ओंकार आणि भीमा पर्पल. राजगुरुनगर हे पुणे-नाशिक रस्त्यावर, म्हणजे ओतूरहून पुण्याला जाणाऱ्या माणसाच्या वाटेवरच. मग काय, ओतूरच्या मामाला फोन लावला, त्याने ओळखीतून भीमा पर्पलचे गड्डे मिळवले आणि पुढच्या खेपेला आणून दिले. देताना म्हणाला, "भाच्या, किती एकर?" मी म्हटलं, "तीन खोकी." मामा बराच वेळ काही बोलला नाही.

दुसरा प्रश्न थंडीचा. लसणाला गड्डा धरायला आधी थंडी हवी, मग हळूहळू वाढत जाणारा दिवस आणि ऊन हवं. थंडी नीट मिळाली नाही तर पाकळ्याच सुटत नाहीत, आत नुसती एक गोल गोटी तयार होते. आणि डोंबिवलीतली थंडी तुम्हाला माहितीये, जानेवारीत दोन दिवस पंखा दोनवर ठेवतात त्याला आम्ही थंडी म्हणतो. अशा ठिकाणी उपाय असा की बेणं लावायच्या आधी काही आठवडे फ्रीजमध्ये ठेवायचं. मी गणपती गेल्यावर गड्डे कागदी पिशवीत घालून भाजीच्या ट्रेमध्ये ठेवले आणि निर्धास्त झालो. नवरात्रात बघतो तर पिशवी अर्धी.

"तू यातला लसूण वापरलास?"

"मग? फ्रीजमध्ये लसूण दिसला तर तो मी फोडणीत घालणार नाही तर काय स्वेटर विणणार त्याला?"

"अगं, ते बियाणं आहे! त्याला थंडी देतोय मी!"

"मिळाली की थंडी. आता फोडणीत ऊबही मिळाली."

आईचा मात्र यात काही हात नव्हता हे मान्य करायला हवं, कारण तिचा चातुर्मास चालू होता. आमचं कुलदैवत खंडोबा, त्यामुळे तिचं कांदा-लसूण-वांगं आषाढात जे सुटतं ते कार्तिकी एकादशीला नाही, थेट चंपाषष्ठीला परत येतं. ही तारीख नीट लक्षात ठेवा, मी ठेवली नव्हती असं नाही, पण तिचा माझ्या शेतीशी संबंध येईल असं कोणाच्या डोक्यात येणार?

उरलेलं बेणं घेऊन दिवाळीच्या फराळाचे डबे भरेपर्यंत मी लावणीला लागलो. कुंड्या महाग पडतात म्हणून मासळीबाजारातून थर्माकोलची खोकी आणली, तीही फुकट. चांगली धुतली, उन्हात ठेवली, तरी त्यांची जुनी ओळख पूर्ण गेली नाही. बायको नाकाला पदर लावून म्हणाली, "मासा झाला, आता लसूण होईल, कोकम तेवढं टाक म्हणजे आमटीच तयार." खोक्यांना खाली भोकं पाडली, कारण लसणाला पाणी साचलेलं अजिबात चालत नाही, पाकळी सडते. माती, गांडूळखत आणि कोकोपीट मिसळून भरलं. गड्डा फोडून पाकळ्या सुट्या केल्या, पण सोलल्या नाहीत, सालीसकटच लावायच्या असतात, सोललेली पाकळी लवकर कुजते. बाहेरच्या बाजूच्या मोठ्या पाकळ्या तेवढ्या निवडल्या, मधल्या बारक्या बाजूला ठेवल्या, त्या पाच मिनिटांत स्वयंपाकघरात गेल्या, असो. दोन पाकळ्यांत साधारण १० सेंटिमीटर अंतर, वर दोन पेरं माती, टोक वर, चपटा बूड खाली.

हे टोक वर, बूड खाली मी लेकीला तीनदा सांगितलं होतं. तिला शाळेत काहीतरी प्रोजेक्ट होतं म्हणून एक खोकं तिच्याकडे सोपवलं, तर तिने अर्ध्या पाकळ्या उलट्या लावल्या, आणि वर मला विचारलं, "बाबा, पाकळीला कळत नाही का वर कुठे आहे ते?" तर गंमत अशी की तिला कळतं. उलटी लावलेली पाकळीसुद्धा उगवते, कोंब आधी खाली जातो, मग यू-टर्न घेऊन वर येतो, फक्त यात तिची ताकद जाते आणि मान वाकडी होते, गड्डा पण लहानच राहतो. त्या खोक्यातली रोपं महिनाभर कोणाच्या तरी बोलण्याकडे कान लावून उभी असायची.

आठ-दहा दिवसांत हिरवी टोकं दिसली आणि घरात एकदम उत्सव. रोज सकाळी चहाचा कप घेऊन सगळं घर गॅलरीत. बायकोने व्हिडिओ कॉलवर अलिबागला दाखवलं, आईने ओतूरला. "कुंडीत काय लावतात" म्हणणारीच आता "आमच्याकडे लसूण लावलाय या वर्षी" असं मंदिरात सांगून आली. मला वाटलं चला, लोकांचं मतपरिवर्तन झालं. तसं काही नव्हतं. ते सगळे पात किती लांब झाली ते बघत होते.

मग आली चंपाषष्ठी.

डिसेंबरातला शनिवार होता, मी जरा उशिरा उठलो. स्वयंपाकघरातून भाजलेल्या वांग्याचा खमंग वास येत होता, बाजरीचे रोडगे चालले होते, आई पाटावर बसून विळीवर काहीतरी बारीक चिरत होती, एका हाताने जुडी पुढे सरकवायची, पात्यावर करकर आवाज, आणि त्या आवाजाबरोबर जो वास उठला तो कांद्याच्या पातीचा नव्हता. कांद्याच्या पातीचा वास नाकापर्यंत येतो, हा थेट डोळ्यापर्यंत आला. मी तसाच गॅलरीत धावलो. पहिल्या खोक्यातली वीतभर वाढलेली पात जमिनीपासून साफ. नुसती खुंटं.

"आई! तू लसूण कापलास?"

"कापला नाही रे, पात खुडली. देवाला."

"अगं पण अजून गड्डा धरायचाय त्याला!"

आईने विळी आडवी केली, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुझा गड्डा मोठा की मल्हारी?"

आता याच्यावर उत्तर आहे का कोणाकडे? खंडोबाच्या नैवेद्याला भरीत-रोडग्याबरोबर पातीचा कांदा आणि लसूण असतोच, ही काही आईची मनमानी नव्हे, पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. तळी भरताना सगळ्यांनी "येळकोट येळकोट जय मल्हार" असा गजर केला, माझा आवाज त्यात जरा बारीक निघाला. भरीत मात्र, खोटं कशाला बोलू, असं झालं होतं की मी तीनदा घेतलं.

त्या रात्री जेवताना मी सगळ्यांना शास्त्र समजावून सांगितलं. म्हटलं, हे बघा, लसणाचं पान म्हणजे त्याचं स्वयंपाकघर, पानं अन्न करतात ते खाली जाऊन गड्ड्यात साठतं. शिवाय वर जेवढी पानं तेवढी खाली गड्ड्याची आवरणं, एकेक पान एकेका सालीला पुढे चालू राहिलेलं असतं. म्हणजे तुम्ही पात खुडली की खालचा लसूण तेवढाच रोडावला. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग बायको म्हणाली, "पण पातीची चटणी काय सुंदर होईल नाही, हिरवी मिरची, ओलं खोबरं, थोडं लिंबू?" आणि आईने मान डोलावली. या दोघींचं चहात साखर किती यावर एकमत होत नाही.

तडजोड म्हणून मी एक खोकं पातीसाठी सोडून दिलं. पातच हवी असेल तर वेगळी पद्धत आहे, पाकळ्या दाटीवाटीने, जवळजवळ एकमेकींना चिकटून लावायच्या, अंतराची फिकीर करायची नाही, पात वीतभर झाली की बुडाशी दोन बोटं ठेवून कापायची, ती परत फुटते, दोन-तीनदा सहज निघते. उन्हं जरा कमी असली तरी भागतं. तर लेकीचं ते वाकड्या मानेचं खोकं घेतलं, मधल्या मोकळ्या जागेत आणखी पाकळ्या खोचल्या, त्यावर पाटी लावली: "पात. येथून घ्यावी." बाकी दोन खोक्यांवर पाट्या: "गड्डा. हात लावू नये." लेकीने त्यावर कवटी आणि दोन हाडं काढून दिली.

पाट्यांचा परिणाम असा झाला की चोरी करताना लोकांना आता खोकं शोधावं लागेना.

"त्या खोक्यातली पात बारीक आहे, यातली कशी रसरशीत आहे," हे बायकोचं म्हणणं. तिच्या मते एखाद-दुसरं पान काढलं तर कोणाला काय कळतंय. आता एखादं पान हिने काढलं, एखादं आईने, एखादं लेकीने मॅगीत घालायला, आणि एखादं कामाला येणाऱ्या मावशींनी, "नातवाला खोकला झालाय, वास देते जरा" असं म्हणून. लसणाच्या एका रोपाला जेमतेम आठ-दहा पानं असतात हो! फुलकिड्यांचा त्रास होतो असं वाचलं होतं, पानांचा रस शोषतात, पानं वाकडी होतात, पांढरे ठिपके पडतात, म्हणून मी लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि दोन थेंब साबण घालून फवारलं. फुलकिडे आले नाहीत. कडू वास जाईपर्यंत घरचेही आले नाहीत. त्या आठवड्यात रोपं काय तरारली म्हणून सांगू. पण नंतर पाऊस नसताना पातीवर पाणी मारून ती धुऊन खाता येते हा शोध आईला लागला.

आणि मुळात घरच्यांना तरी किती दोष द्यायचा, हा सगळा कट कालनिर्णयाचा आहे. म्हणजे बघा ना, लसूण दिवाळीला लावायचा आणि शिमग्याच्या आसपास काढायचा, आणि नेमके पातीचे सगळे सण याच मधल्या काळात. चंपाषष्ठी झाली, की हुरड्याचे दिवस, हुरड्याबरोबर लसणाची चटणी हवी. मग भोगी. भोगीला बाजरीची तीळ लावलेली भाकरी, सगळ्या भाज्यांची मिसळ भाजी, लोणी, आणि आई म्हणणार, "वर चिमूटभर पात भुरभुरवली तर बिघडलं कुठे?" आणि या सगळ्यावर कडी म्हणजे शेजारच्या बेन. संक्रांतीच्या आदल्या दिवशी त्या हातात मोठा टोप घेऊन दारात. उंधियूला हिरवा लसूण लागतो, सुरतेकडे तर तो नसला तर उंधियूच नाही म्हणतात, आणि बाजारात मिळेना. "भाई, तुमच्या गॅलरीत कितना सुंदर लीलु लसण दिसते." मी "गड्डा" एवढं म्हणेपर्यंत आई कात्री घेऊन गॅलरीत पोचली होती. दुसऱ्या दिवशी टोप भरून उंधियू आला. सगळं घर माझ्याकडे असं बघत होतं की बघ, शेती अशी करतात.

आता शिल्लक होतं तिसरं खोकं. ते मी हुशारीने ग्रिलच्या अगदी टोकाला, एसीच्या बाहेरच्या डब्याच्या मागे ढकललं होतं, तिथे सकाळचं ऊनही भरपूर यायचं आणि हात सहजी पोचायचा नाही. तिथे जानेवारीच्या मध्यावर कबुतरीण येऊन बसली.

मुंबई-ठाण्याकडच्या लोकांना कबुतर म्हणजे काय ते सांगायला नको. आम्ही जाळी लावलीये, चकचकीत सीड्या टांगल्यात, प्लास्टिकचं घुबड आणून ठेवलंय, त्या घुबडाच्या डोक्यावर कबुतरं बसतात. लसणाच्या वासाने पाखरं येत नाहीत असंही मला कोणीतरी सांगितलं होतं. ही बया चार काड्या, एक झाडूचा हीर आणि लेकीच्या केसांचा रबर घेऊन थेट लसणाच्या दोन ओळींच्या मधे बसली आणि दोन अंडी घालून मोकळी झाली. मी हाकलायला गेलो तर आई आडवी. "जिवंत जीव आहे. अंड्यांना हात लावलास तर बघ." तुझा चातुर्मास तर संपलाय असं मी पुटपुटलो, पण फार मोठ्याने नाही.

कबुतराची अंडी उबायला साधारण अठरा दिवस लागतात, आणि पिल्लं उडून जायला पुढे आणखी महिनाभर. तेवढा सगळा वेळ त्या खोक्याजवळ कोणालाही जाता येईना. जवळ गेलं की ती आधी घुमायची, फुगायची, आणि हात आणखी पुढे केला की पंखाचा असा फटका द्यायची की बायकोच्या बांगड्यांचा आवाज झाला. बायकोने पात तोडणं त्या दिवसापासून सोडलं. आई दाणे टाकायला जायची पण हातभर लांबूनच. मी पाणी घालायचो ते बाटलीला भोक पाडून, पिचकारी मारून, तेही आठवड्यातून एखाद-दोनदा, जेवढं पोचेल तेवढं. पाटी तिथेही होती, कवटीसकट, पण तिच्यावर आता कबुतरीण उभी राहायची.

फेब्रुवारी सरता सरता पानं खालून पिवळी पडायला लागली. हे चांगलं लक्षण असतं. गड्डा भरत आला की पानांचे शेंडे वाळतात, पात पिवळी पडते, माना लवतात, आणि काढणीच्या दहा-पंधरा दिवस आधी पाणी पूर्ण बंद करायचं, म्हणजे गड्डा घट्ट होतो आणि टिकतो. मी पाणी बंद केलं. चार दिवसांनी बघतो तर पहिलं-दुसरं खोकं चिंब ओलं. परत बंद केलं, परत ओलं. शेवटी कामाच्या मावशींना रंगे हाथ पकडलं, हातात तांब्या. "दादा, पिवळं पडलंय ओ बिचारं, तुमचं लक्ष नाही म्हणून मी रोज घालते." वर खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन, की तुमच्या शेतीचं मातकट पाणी आमच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या शर्टांवर गळतंय, हे यांना ऑफिसला काय घालू? आता हे दोन प्रश्न एकमेकांना भेटवले असते तर सुटले असते, पण मला फक्त खालच्या काकूंचं ऐकून घ्यायचं काम मिळालं.

काढणी रविवारी. पिल्लं उडून गेलेली होती. सगळं घर गॅलरीत, आई स्टुलावर बसून देखरेखीला, लेक मोबाईल घेऊन शूटिंगला. लसूण उपटायचा नसतो, ओल्या पातीला ओढलं की मान तुटते आणि गड्डा मातीतच राहतो, बाजूने खुरप्याने माती सैल करून अलगद उचलायचा. पहिलं खोकं, मल्हारीवालं. सुपारीएवढ्या गोट्या. फोडून बघितल्या तर आत पाकळ्या नाहीतच, एकच गोळा. त्यातले दोन तर रोजच्या पाण्याने मऊ पडलेले. दुसऱ्या खोक्यातून, ज्याची पात "येथून घ्यावी" लिहून दिली होती त्यातून, मुळं निघाली. भरपूर मुळं. मुळांची वाढ उत्तम होती.

मग कबुतराचं खोकं. वरची काटकी-विष्ठा बाजूला केली, खुरपं घातलं, माती हलली, आणि पहिला गड्डा हातात आला तो चक्क गड्डा. भरदार, जांभळट रेघांचा, बाहेरून हात फिरवला तर पाकळ्यांच्या उभ्या कडा बोटाला लागत होत्या. पुढचाही तसाच. त्याच्या पुढचाही. कोणी पात खुडली नाही, कोणी रोज पाणी घातलं नाही, कोणी खोकल्यासाठी वास नेला नाही, आणि शेवटचे आठ-दहा दिवस तर मी पिचकारीही मारली नव्हती. आईने एक गड्डा उचलून नाकाशी धरला, उलटापालटा केला आणि म्हणाली, "ओतूरला असाच निघतो." बायकोने लगेच फोटो काढून अलिबागला पाठवला, खाली लिहिलं, "आमच्या घरचा." आमच्या!

पातीसकट गड्डे आठ-दहा दिवस सावलीत, वाऱ्यावर सुकवायचे असतात, उन्हात नाही. इथे बायकोचं माहेर कामी आलं, अलिबागला कांद्याच्या वेण्या घालतात तशी तिने लसणाची इतकी देखणी वेणी घातली की मी ती हॉलमध्ये पडद्याच्या दांड्याला टांगली. येणारा प्रत्येक पाहुणा आधी नाक वर करून हुंगायचा आणि मग वर बघायचा. कुरिअरवाल्याने विचारलं, "नजर लागू नये म्हणून का?" त्याच आठवड्यात भाजीवाल्याकडे गेलो तर नव्या लसणाची आवक सुरू झालेली, मध्य प्रदेशाकडून ट्रकच्या ट्रक, भाव निम्म्याच्याही खाली. ढीग लावून ओरडत होता. मला बघून म्हणाला, "साहेब, किलो-दोन किलो टाकू?" मी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

त्या वेणीतला लसूण खायचा नाही, पुढच्या वर्षीचं बेणं म्हणून ठेवायचा, हे मी, आई आणि बायको असं तिघांनी मिळून ठरवलं, लेकीच्या साक्षीने. तो ठराव आषाढ शुद्ध नवमीपर्यंत टिकला. कांदेनवमी. चातुर्मास लागला की चार-पाच महिने कांदा-लसूण बंद होणार म्हणून आई त्या दिवशी जे काही करते त्याला फक्त स्वयंपाक म्हणणं अन्याय आहे, कांद्याची थालीपीठं, खेकडाभजी, झुणका, भरलं वांगं, आणि पाट्यावर वाटलेली लसणाची सुकी चटणी. मी ऑफिसातून आलो तेव्हा पडद्याच्या दांड्याला वेणीचा वरचा एक वीतभर तुकडा लोंबत होता.

"बाजारचा होता ना घरात!"

"होता की," आई म्हणाली, "पण वर्षाची शेवटची चटणी बाजारच्या लसणाची करू?"

जेवलो. चटणी दोनदा घेतली.

तर उरलेले मोजके गड्डे गणपतीनंतर मी परत फ्रीजमध्ये ठेवलेत. या वेळी कागदी पिशवीत नाही आणि पाटीही नाही. स्टीलच्या डब्यात घालून, झाकणाला चिकटपट्टी लावून वर मार्करने लिहिलंय: "कारल्याचा रस". आजतागायत त्या डब्याला कोणी हात लावलेला नाही, बायको दूध काढतानासुद्धा तो दोन बोटांनी बाजूला सरकवते.

फक्त परवा ओतूरहून मामाचा फोन आला. आवाज एकदम हळवा. "भाच्या, ताई म्हणाली तू कारल्याचा रस घेतोयस. शुगर निघाली का रे? लपवू नको. आणि घाबरू तर अजिबात नको, मी सांगतो तसं कर, रोज सकाळी उठलास की उपाशीपोटी लसणाच्या दोन पाकळ्या चावून खायच्या. घरचा लसूण आहेच ना तुझा? ताईला मी सांगून ठेवलंय, ती बघते कुठे ठेवलायस तो."